देविदासभाऊंची बीप

देविदासभाऊ भोयर आमच्याकडे चहाला आले की आधी बिस्किटांचा पुडा उलटा करतात. मग शर्टाच्या खिशातून घड्याळजीचं भिंग काढतात, डोळ्याला लावतात आणि पुड्यावरच्या काळ्या रेघांकडे पाहत राहतात. चहावर साय धरते. मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, गप्प बसून असतो, कारण भिंगातून काय निघेल याचा नेम नसतो.

"प्रमोदभाऊ," ते हलक्या आवाजात म्हणतात, "याच्या उजव्या अंगाले जागाच नाई ठेवली. फसन हा. एखांद्या दिवशी नक्की फसन."

मग त्याच पुड्यातलं बिस्कीट चहात बुडवून खातात. चेहरा मात्र असा, की त्या बिस्किटाचे आता फार दिवस उरलेले नाहीत.

मी देवळीच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. कापसाची गाडी भरून येते, रिकामी होऊन जाते, मधला फरक मी लिहितो. बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत मी सहसा कोणाला घाबरत नाही. देविदासभाऊंना घाबरतो.

ते आमच्यापासून चौथ्या घरात राहतात. साठीच्या पुढे-मागे वय, अंगानं वाळके. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि लग्नपत्रिका छापायचे. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा एका महिन्यात ते सगळं मोडीत काढलं आणि लेबल छापायचं एक यंत्र, एक संगणक आणि बारकोड वाचायची तीन मशिनं आणली. आम्हाला वाटलं, दुःखात माणसाचं डोकं फिरतं तसं काहीतरी असेल, उतरेल. उतरलं नाही. आता आसपासच्या गावांतले लोणचंवाले, पापडवाले, तूपवाले त्यांच्याकडूनच बारकोड छापून नेतात. बाहेर पाटी आहे, 'बारकोड छापून मिळतील. घाई असल्यास येऊ नये.' पाटी सहा फुटांची, अक्षरं मधल्या दोन फुटांत. दोन्ही बाजू कोऱ्या.

ही कोरी जागा म्हणजे भाऊंचा जीव. बारकोडच्या डाव्या-उजव्या बाजूला काही छापायचं नसतं. तिथे अक्षर, चित्र, किनार काही आलं तर कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे मशीनला कळत नाही. एवढी साधी गोष्ट. पण भाऊंनी ती सगळ्या आयुष्याला लावली. पंगतीत बसले तर दोन्हीकडच्या माणसांना म्हणतात, "जागा सोडा जी." वर्धेच्या बसमध्ये तिघांच्या सीटवर मधे बसतात आणि दोन्हीकडे बोटभर जागा मागतात. एकदा एका बाईंनी विचारलं, "काऊन, खरूज झाली काय तुमाले?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "नाई बाई, पण मशीन आली असती तं तिले आपण तिघं एकच दिसलो असतो."

त्या बाई पुढच्या थांब्याला उतरून गेल्या.

आकाराचंही तसंच. किराणा मालावरच्या तेरा आकड्यांच्या कोडचा पूर्ण आकार, कोऱ्या जागेसकट, सव्वासदतीस मिलिमीटर रुंद. फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, म्हणजे तीसच्या किंचित आत. त्याखाली नाही. हे मला भाऊंनी सांगितलं आणि माझ्या स्वभावानं मी एका रविवारी स्टीलची पट्टी घेऊन घरातले तेवीस पुडे मोजले. चौदा बरोबर निघाले, सहा अगदी काठावर होते, आणि तीन मी भाऊंना सांगितलेच नाहीत. झोप उडाली असती त्यांची.

छापलेला प्रत्येक नमुना ते दहा वेळा तपासतात. पाच वेळा सावलीत, तीन वेळा उन्हात, दोन वेळा डाव्या हातानं, वैतागलेल्या माणसासारखं. तीनपैकी एका मशीनची काच मुद्दाम तेलकट ठेवलेली आहे, "दुकानातली मशीन काई आंघोळ करून येत नाई," म्हणून. एकदा बीप आली की गिऱ्हाईक उठायला लागतं. भाऊ त्याला खाली बसवतात. "एकडाव झाली म्हणजे झाली नाई." आणि बीप नाही आली, तर खालचे आकडे हातानं टाकता येतात असं कोणी सुचवलं, की भाऊंचा चेहरा पांढरा पडतो. "हातानं टाकणं म्हणजे ते आपल्याले वळखत नाई, आपणच सांगून राह्यलो का हा अमका आहे म्हून. तसं नाई पाह्यजे. त्यानं वळखलं पाह्यजे."

हे सगळं हसण्यासारखं होतं. यंदाच्या मे महिन्यापर्यंत आम्ही हसलोही.

सुनंदा बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. अकरा बायका. यंदा त्यांनी वायगावची हळद घेतली, उकडली, वाळवली, दळली. फेब्रुवारीपासून आमचं अंगण, अंथरूण आणि माझा ऑफिसचा शर्ट पिवळा होता. नागपूरच्या एका मोठ्या दुकानानं बाराशे पुडे मागितले. दोनशे ग्रॅमचा एक, म्हणजे दोनशे चाळीस किलो. अट एकच होती. सोमवारी सकाळी गोदामात मालातले निवडक पुडे मशीनवर तपासणार. कोड वाचले गेले नाहीत तर सगळा माल परत, आणि पुन्हा यायचं नाही. गटातल्या चार बायकांनी घरच्यांशी भांडून हे काम धरलं होतं. माल परत आला असता तर त्या पुन्हा उंबरठ्याबाहेर पडल्या नसत्या आणि गट तिथेच मोडला असता. हे सुनंदानं मला एकदाच सांगितलं, पण आवाज असा होता की मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

लेबल ठरवायची बैठक आमच्या ओसरीवर झाली. भाऊ आले, पोत्याच्या कडेला जागा सोडून बसले आणि म्हणाले, "पांढऱ्यावर काळा. पूर्ण आकार. बाकी काईच विचारू नका."

सुनंदा म्हणाली, "भाऊ, हळदीच्या पुड्यावर काळं? लोकं लग्नाच्या हळदीले नेतीन. काळं नाई चालणार. पिवळ्यावर कुंकवाच्या रंगात छापा."

भाऊंच्या हातातला कप बशीवर वाजला. "वहिनी, मशिनीचा दिवा लाल असते. लाल दिव्याले लाल रेघ दिसतच नाई. तुमी छापसान, पण तिच्यासाठी तो कोरा कागद आहे."

"आपल्याले तं दिसते ना?"

"आपल्याले दिसून काय फायदा! आपण काय गोदामात दिवा घेऊन बसणार आहो?"

"तुमाले तं प्रत्येक गोष्टीत भेवच दिसते, भाऊ."

भाऊ उठले. म्हणाले, "दिसते बाई. मी नाई छापणार." आणि चप्पल उलटी घालून निघून गेले.

गटानं वर्धेच्या एका प्रेसमधून लाल कोडची लेबलं छापून आणली. देखणी होती. अकरा बायकांनी अकरा मोबाइल काढून कोड तपासले. सगळ्यांवर वाचले गेले. टाळ्या झाल्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत बाराशे पुड्यांना लेबलं लागली. मीही आनंदात होतो, फक्त मनात एक आकडा टोचत होता. अकरा मोबाइल म्हणजे अकरा कॅमेरे. गोदामात कॅमेरा नसेल, लाल दिवा असेल. मी कोणाला न सांगता भाऊंना बोलावून आणलं.

भाऊ तिन्ही मशिनं पिशवीत घालून आले. पहिला पुडा घेतला. लाल दिवा कोडवर पडला. काही नाही. दुसरं मशीन. काही नाही. सावलीत, उतरत्या उन्हात, डाव्या हातानं. काही नाही. मला वाटलं होतं, भाऊ आता 'मी सांगतलं होतं' म्हणतील. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते त्या मुक्या मशीनला पुन्हा पुन्हा पुड्यावर टेकवत होते. थांबायला तयार नव्हते. शेवटी मीच त्यांचा हात धरला. हात थंडगार होता, मे महिन्यात.

"वहिनी," ते म्हणाले, "उद्याचा एक दिवस आहे. पांढरी पट्टी, काळ्या रेघा. मी बाराशे छापतो. तुमी लाल रेघांवर चिकटवा."

सुनंदा रडवेली झाली होती, तरी म्हणाली, "पण काळं..."

तेव्हा कौसाबाई बोलल्या. गटात सगळ्यात म्हाताऱ्या, बैठकीत कधी तोंड न उघडणाऱ्या. "काऊन व, लेकराच्या गालाले तीट लावते ते काय हिरवी असते? काळीच असते ना? हे पुड्याची तीट समजा व. नजर नाई लागत मंग."

कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. प्रश्न संपला.

रविवारी सकाळपासून भाऊ छापत होते आणि मी शंभर-शंभरच्या गुंडाळ्या मोजून आमच्या ओसरीवर पोचवत होतो. बाहेर पंचेचाळीस अंश. दुपारी सहाशेला यंत्राची शाईची रिबीन संपत आली. दुसरी होती, पण बदलायला वेळ जात होता. कोपऱ्यात एक वेगळा कागदाचा रोल दिसला. मी वाचलं होतं की असल्या कागदाला रिबीन लागतच नाही, नुसत्या उष्णतेनं रेघा उमटतात. मी म्हटलं, "भाऊ, हा लावा. अर्ध्या वेळात होईल."

भाऊंनी तो रोल माझ्या हातातून ओढून घेतला. "तो नाई. तो कागद विसरते."

"विसरतो म्हणजे?"

"गरमीनं उमटते, गरमीनंच पुसते. एक-दोन उन्हाळे, का रेघा फिक्या. हे हळद कोणाच्या दुकानात किती दिवस राह्यते आपल्याले काय माहीत?" मग रिबीन बदलता बदलता म्हणाले, "पाणी प्या. फ्रिजमंदी आहे."

मी फ्रिज उघडला. पाण्याच्या बाटल्या सगळ्या दारात कोंबलेल्या होत्या. मधला कप्पा रिकामा, आणि त्याच्या बरोबर मध्यावर एक चपटा स्टीलचा डबा. दोन्ही अंगांना हातहातभर कोरी जागा. माझं कोपर लागलं आणि डबा सरकला.

"हात नका लावू!"

सहा वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. यंत्र चालू सोडून ते आले, डबा दोन्ही हातांनी उचलला, आणि आता माझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही असं वाटून असेल, उघडला. आत कापूस, कापसावर दवाखान्यात पेशंटच्या मनगटाला बांधतात तसली पांढरी पट्टी. कात्रीनं कापलेली. त्यावर नाव होतं, शोभा देविदास भोयर, आणि नावाखाली तसाच गरमीनं उमटवलेला, आता राखाडी झालेला बारकोड.

भाऊ यंत्राकडे पाहत बोलत राहिले. "एकोणीस दिवस होती भरती. सिस्टर दवाई द्यायच्या आधी हे पट्टी मशीनवर दाखवे. बीप वाजली का दवाई. मी बाहेर बाकड्यावर बसून राहो. आतून बीप आली का समजो, आहे. बोलणं तं तिचं पह्यल्याच हप्त्यात बंद झालं होतं. बीपच होती आमची."

यंत्रातून पट्ट्या येत होत्या. मी त्या मोजायच्या विसरलो.

"विसाव्या दिवशी सकाळी सिस्टर आत गेली. बीप नाई आली. मी उठून विचारलं, काऊन नाई लावली मशीन? ते काईच नाई बोलली."

थोड्या वेळानं त्यांनी हात पुसले, खिडकीचा पडदा ओढला आणि पट्टी टेबलावर ठेवली. "महिन्याच्या एक तारखेले एकडाव पाह्यतो. जास्त उजेड नाई दाखवत. आज तुमच्यासमोर पाह्यतो."

लाल दिवा पडला. काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी बाराशे पुड्यांसाठी घाबरलो नव्हतो एवढा त्या टेबलापाशी घाबरलो. सातव्यांदा बीप आली. संगणकाच्या पडद्यावर बारा आकडे उमटले. भाऊंनी डोळे मिटले आणि उघडले.

"मागच्या साली तिसऱ्यांदा व्हायची," ते म्हणाले.

मी घाईनं म्हटलं, "भाऊ, नवीन छापा ना. रिबिनीवर, चांगल्या कागदावर. तुमच्याएवढं चांगलं कोण छापेल?"

"पाच मिनटाचं काम आहे. पण ते मी छापलेलं होईन. हे तिच्या हाताले होतं."

मागच्या वर्षी तीन, यंदा सात. असे दोन आकडे समोर आले की तिसरा काढायची मला सवय आहे. बावीस वर्षांची. त्या दुपारी मी तो काढला नाही. उरलेल्या पट्ट्या मोजल्या आणि घरी पोचवल्या.

सोमवारी सकाळी सुनंदा आणि कौसाबाई माल घेऊन नागपूरला गेल्या. भाऊ नऊ वाजताच माझ्या काट्यावर येऊन बसले. हंगाम संपलेला, गाड्या तुरळक. भाऊ पाणीही पीत नव्हते. दर पाच मिनिटांनी विचारत, "पोचल्या असतीन?" साडेअकराला फोन वाजला. मी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"आयका," सुनंदा म्हणाली, आणि तिनं फोन तिकडे धरला.

बीप. बीप. बीप. एकामागून एक, न अडखळता. मधेच कौसाबाईंचा आवाज आला, "तीट चालली व!" भाऊ उभे राहिले होते. ओठ हलत होते, मोजत होते. मीही मोजत होतो. त्रेचाळीसपर्यंत आमचा आकडा जुळला, मग सुनंदानं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "भाऊ, एकही नाई फसला. सगळे एकाच डावात."

"डाव्या हातानं पाह्यलं काय त्याईनं?" भाऊंनी विचारलं.

फोन ठेवल्यावर ते जायला निघाले. दारात थांबले. काट्यावर मी एकटाच आहे हे पाहून परत आले, पण बसले नाहीत.

"प्रमोदभाऊ, तुमची आकड्याची याद पक्की आहे."

"आहे."

"काल पडद्यावर जो आकडा आला, तो पाठ आहे काय?"

होता. मी प्रयत्न केला नव्हता, पण होता. मी बाराही आकडे म्हणून दाखवले. मधे कुठे अडलो नाही.

भाऊंनी मान हलवली. "मलेही पाठ आहे. पण मी एकटाच आहो ना. दोन जागी असला तं बरं." मग खाली पाहत म्हणाले, "एखांद्या दिवशी ते पट्टी नाईच वळखली, तं मी तुमच्याकडं येईन. तुमी हातानं टाकजा."

हे ज्या माणसानं सांगितलं, त्याच्या तोंडून हातानं टाकणं हा शब्द मी सहा वर्षांत शिवीसारखाच ऐकला होता. मी नुसतं 'हो' म्हटलं.

आता उन्हाळा सरला आहे. भाऊ अजून आमच्याकडे येतात, बिस्किटांचा पुडा उलटा करतात आणि त्याचं मरण सांगतात. आम्ही ऐकतो. पण महिन्याची एक तारीख उलटली की मी सकाळी दाराकडे पाहतो, ते येतात का म्हणून. अजून आलेले नाहीत. कधी बाजारात समोरासमोर भेट होते, माझ्या हातात भाजीची पिशवी, त्यांच्या खिशात भिंग. लोकांच्या गर्दीत ते माझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभे राहतात आणि विचारतात, "शेवटचे तीन?"

"चार, शून्य, सात."

पुढच्या चार पावलांवर ते वळतात. "आणखी एकडाव?"

"चार, शून्य, सात."

मग ते जातात.